एक लाखाची रेघ

लघवीचं कल्चर म्हणजे प्रयोगशाळेत नेमकं काय होतं, ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. तंत्रज्ञ बाटलीतल्या नमुन्यात एक बारीक लूप बुडवतो. त्या लूपमध्ये साधारणपणे १ मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, एवढीच लघवी मावते. तेवढा थेंब तो पोषक जेलीच्या बशीवर ओढतो, बशी झाकून ३५ ते ३७ अंशांच्या उबेत ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर किती ठिपके उगवले ते मोजतो. एक ठिपका म्हणजे मुळात एक जिवंत जंतू होता, असं धरायचं. थेंब हजारावा भाग असल्यामुळे ठिपक्यांची संख्या हजाराने गुणायची. शंभर ठिपके उगवले तर मिलिलिटरमागे एक लाख जंतू. एक लाख किंवा त्याहून जास्त असले, तर संसर्ग आहे असं मानायचं. त्याहून कमी असले, तर बहुतेक ठिकाणी रिपोर्टवर शेरा येतो, ‘लक्षणीय वाढ नाही’.

आता हेच गणित उलट करून बघा. एखाद्या बाईच्या लघवीत मिलिलिटरमागे ५०० जंतू असतील, तर त्या थेंबात सरासरी अर्धा जंतू येईल. म्हणजे बशी कोरी राहण्याचीच शक्यता जास्त. ती बाई रात्रभर दर थोड्या वेळाने उठते आहे, लघवी करताना डोळ्यांत पाणी येईल अशी आग होते आहे, ओटीपोट ठणकतं आहे, आणि तिच्या हातात येतो तो निगेटिव्ह रिपोर्ट. तो खोटा नसतो. बशीवर जे दिसलं तेच त्यात लिहिलेलं असतं. पण तेवढ्यावर ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असा निवाडा दिला जातो, तेव्हा त्या बाईवर अन्याय होतो.

मूत्रमार्गाचा संसर्ग ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. जवळपास निम्म्या बायकांना तो आयुष्यात एकदा तरी होतो आणि त्यांतल्या साधारण चारांतल्या एकीला सहा महिन्यांच्या आत पुन्हा होतो. २०१९ या वर्षासाठीच्या जागतिक अंदाजात त्याचे ४० कोटींहून अधिक प्रसंग आणि २ लाख ३० हजारांहून अधिक मृत्यू धरलेले आहेत. एवढ्या मोठ्या आजाराच्या संशोधनाची चर्चा सुरू झाली की ती लगेच नव्या अँटिबायोटिककडे वळते. औषधं जंतूंपुढे थिटी पडत चालली आहेत हे खरंच आहे. तरीही, संशोधनावर खर्च होणारा सार्वजनिक पैसा आधी निदानाकडे आणि वारंवार होणारा संसर्ग टाळण्याकडे गेला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. निदान आज आहे तसंच अंदाजाचं राहिलं, तर उद्याचं औषधही अंदाजानेच दिलं जाईल आणि जुन्यांसारखंच लवकर निकामी होईल.

एक लाखाची ही रेघ आली कुठून? १९५०च्या दशकात बोस्टनमध्ये एडवर्ड कॅस नावाच्या संशोधकाने ती आखली, आणि त्या काळात ते फार मोलाचं काम होतं. तोवर खात्रीचा नमुना हवा असेल, तर मूत्राशयात नळी घालून लघवी काढावी लागे, आणि त्या नळीमुळेच संसर्ग होण्याची भीती असे. स्वतः केलेल्या लघवीत बाहेरच्या त्वचेवरचे जंतू मिसळतात. मग आत खरोखर वाढणारे जंतू आणि वाटेत मिसळलेले जंतू वेगळे कसे ओळखायचे? कॅसने मूत्रपिंडापर्यंत संसर्ग पोचलेल्या रुग्ण बायका आणि कसलीच लक्षणं नसलेल्या बायका यांचे नमुने मोजले आणि दोघींना वेगळं करणारा आकडा म्हणून मिलिलिटरमागे एक लाख हा सुचवला. गरोदरपणात तर या कामाचा फार मोठा उपयोग झाला. लक्षणं नसताना लघवीत जंतू असलेल्या गरोदर बायकांवर उपचार केले नाहीत, तर त्यांच्यापैकी २० ते ३५ टक्के जणींच्या मूत्रपिंडाला संसर्ग होऊ शकतो. वेळीच उपचार केले, तर हे प्रमाण १ ते ४ टक्क्यांवर येतं. यात कितीतरी आया आणि बाळं वाचली असतील.

पण कॅसच्या अभ्यासात नव्हती ती साध्या मूत्राशयदाहाची बाई, जिला ताप नाही, पाठ दुखत नाही, फक्त जळजळ आहे आणि सारखं जावं लागतं आहे. रोज दवाखान्यात येणाऱ्यांत सगळ्यांत मोठी संख्या तिचीच. जिला त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं, तिच्यावरही पुढे तीच रेघ लागू झाली.

ही रेघ तिच्यासाठी चुकीची आहे, हे कळायला फार वर्षं लागली असंही नाही. १९८२ साली वॉल्टर स्टॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जळजळीची तक्रार असलेल्या बायकांची लघवी थेट मूत्राशयातून काढून तपासली आणि त्याच बायकांनी स्वतः दिलेल्या नमुन्याशी ती ताडून पाहिली. मूत्राशयात ई. कोलाय (या संसर्गाला सगळ्यांत जास्त वेळा कारण ठरणारा, आतड्यांतला जंतू) आणि त्याच्या जातीचे जंतू नक्की असलेल्या बायकांपैकी एक लाखाच्या निकषाने ओळखू आल्या फक्त ५१ टक्के. उरलेल्या जवळपास निम्म्या निसटल्या. त्यांनी सुचवलेला आकडा होता मिलिलिटरमागे १००, म्हणजे हजार पटीने कमी. २०१३ साली थॉमस हूटन यांच्या गटाने अशीच तुलना पुन्हा केली. त्यांना दिसलं की लक्षणं असलेल्या बाईच्या नमुन्यात ई. कोलाय अगदी थोडे सापडले, तरी ते बहुतेकदा मूत्राशयातही असतात. उलट एंटेरोकोकस आणि ब गटाचे स्ट्रेप्टोकोकस हे जंतू नमुन्यात सापडले, तरी मूत्राशयात ते क्वचितच होते. म्हणजे किती जंतू आहेत याच्याइतकंच कोणते आहेत हेही बघावं लागतं.

मग २०१७ साली बेल्जियममधल्या गेन्टच्या संशोधकांनी पीसीआर, म्हणजे जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी, वापरून पाहिली. लक्षणं असलेल्या बायकांपैकी साधारण ८१ टक्के कल्चरमध्ये पॉझिटिव्ह आल्या. पण जंतूंचा डीएनए शोधला, तेव्हा जवळपास ९६ टक्के जणींमध्ये ई. कोलाय सापडला. लक्षणं नसलेल्या बायकांमध्ये हेच प्रमाण दहा-बारा टक्के होतं. ज्यांच्या हातात आजवर निगेटिव्ह रिपोर्ट पडत होता, त्यांच्यापैकी बहुतेकींना संसर्ग असावा.

स्टॅम यांच्या अभ्यासाला आता चाळीस वर्षं उलटून गेली आहेत. काही देशांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लक्षणं असलेल्या बायकांसाठी आकडा खाली आणला गेला, हे खरं. पण जगभरातल्या कितीतरी प्रयोगशाळांमध्ये एक लाख हाच आकडा अजून चालतो. शिवाय १ मायक्रोलिटरच्या लूपने मिलिलिटरमागे १०० जंतू भरवशाने दिसणं शक्य नाही. त्यासाठी मोठा लूप हवा, जास्त वेळ हवा, प्रत्येक नमुन्यामागे जास्त श्रम हवेत. रोज शेकडो नमुने हाताळणाऱ्या तंत्रज्ञाला दोष देण्यात काही अर्थ नाही. ही व्यवस्था बदलायची की नाही हे ज्यांच्या हातात होतं, त्यांना तो बदल तातडीचा वाटला नाही, हे खरं दुखणं आहे.

तो तातडीचा का वाटला नाही, याचं एक उत्तर मला टाळता येत नाही. हा प्रामुख्याने बायकांचा आजार आहे, आणि बायकांची जळजळ, कळ, थकवा हे सगळं ‘नेहमीचंच’ या खात्यात टाकायची सवय वैद्यकाला फार जुनी आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने १९७७ साली मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याची सूचना केली होती. सरकारी पैशातून होणाऱ्या संशोधनात स्त्रियांना घेतलंच पाहिजे, असा कायदा तिथे १९९३ साली आला. या आजाराच्या चाचण्यांत बायका अर्थातच होत्या. पण ज्या वैद्यकाने बाईचं शरीर इतकी वर्षं बाजूला ठेवलं, त्याला तिच्या शब्दावर भरवसा ठेवणंही जड गेलं.

खरं तर तिचा शब्द हीच या आजारातली एक उत्तम तपासणी आहे. २००२ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. लघवीला जळजळ होते, वारंवार जावं लागतं आणि योनीमार्गातून स्राव किंवा तिथे खाज नाही, एवढं बाईने सांगितलं तर संसर्ग असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त निघाली. कागदाची पट्टी लघवीत बुडवून रंग बघण्याची जी सोपी तपासणी सगळीकडे चालते, ती निगेटिव्ह आली तरी एवढी मोठी शक्यता पुसून टाकण्याइतकी ती भरवशाची नाही. त्या पट्टीवरचा नायट्राइटचा चौकोन रंग बदलायला जंतू नायट्रेटचं नायट्राइट करणारे लागतात, आणि लघवी काही तास मूत्राशयात साठलेली असावी लागते. जिला दर वीस मिनिटांनी जावं लागतं आहे, तिच्या मूत्राशयात लघवी साठणार कधी? आजार जितका जोरात, तितकी ही पट्टी फसण्याची शक्यता जास्त. २००१ साली अमेरिकेत आणखी एक अभ्यास झाला. वारंवार संसर्ग होणाऱ्या बायकांना सांगितलं होतं की, पुन्हा झाला असं वाटलं की नमुना द्या आणि स्वतःच औषध सुरू करा. त्यांनी स्वतः केलेल्या निदानांपैकी ८४ टक्के कल्चरने खरी ठरवली. आणखी ११ टक्क्यांमध्ये जंतू मिळाले नाहीत, पण पू-पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, होत्या. साफ चुकलेली निदानं फक्त ५ टक्के.

हे वाचून कुणी म्हणेल, मग सोपं आहे, रेघ खाली आणा, सगळ्यांचं पीसीआर करा. इथे मात्र थांबायला हवं, कारण या प्रश्नाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष केलं तर बायकांचंच नुकसान होईल.

निरोगी माणसाची लघवी निर्जंतुक असते, असं पिढ्यानपिढ्या शिकवलं गेलं. २०१२ ते २०१४ या काळात शिकागोच्या लोयोला विद्यापीठातल्या गटाने जास्त नमुना, वेगवेगळी पोषक माध्यमं आणि जास्त दिवस अशा पद्धतीने कल्चर केलं. तेव्हा थेट मूत्राशयातून काढलेल्या, नेहमीच्या तपासणीत कोऱ्या ठरलेल्या लघवीतही जिवंत जंतू सापडले, आणि ते कसलाही त्रास नसलेल्या बायकांमध्येही सापडले. म्हणजे आतड्यांप्रमाणे मूत्राशयातही जंतूंची कायमची वस्ती असते, आणि तिच्यातले सगळेच शत्रू नसतात. अशा ठिकाणी अतिसंवेदनशील तपासणी घेऊन गेलं, तर ती प्रत्येकीत काहीतरी शोधून देईल. डझनावारी जंतूंची यादी असलेले रिपोर्ट आज विकले जातातच. यादीत नाव दिसलं की त्यावर औषध देण्याचा मोह डॉक्टरलाही आवरत नाही आणि रुग्णालाही.

त्या मोहाची किंमत सगळ्यांत जास्त मोजतात म्हातारी माणसं. वृद्धांच्या काळजी-केंद्रांत राहणाऱ्या बायकांपैकी २५ ते ५० टक्क्यांच्या लघवीत कोणत्याही क्षणी जंतू सापडतात, आणि त्यांना त्याचा काहीच त्रास नसतो. पण आजी आज गोंधळल्यासारखी वागते आहे, नीट जेवली नाही, एवढं दिसलं की लघवी तपासली जाते. जंतू अर्थातच निघतात, अँटिबायोटिक सुरू होतं, आणि गोंधळाचं खरं कारण, म्हणजे शरीरात पाणी कमी पडणं, एखादं नवं औषध, बद्धकोष्ठ किंवा न झालेली झोप, तसंच राहून जातं. गरोदर बायका आणि मूत्रमार्गावर काही विशिष्ट शस्त्रक्रिया व्हायची आहे असे रुग्ण वगळता, लक्षणं नसलेल्या जंतूंवर सर्रास उपचार करू नयेत, असं अमेरिकेच्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००५ साली सांगितलं आणि २०१९ साली पुन्हा सांगितलं. इटलीत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तर उलटच दिसलं. लक्षणं नसताना ज्या तरुण बायकांचे जंतू औषधाने मारले, त्यांना पुढे त्रासदायक संसर्ग जास्त वेळा झाला. ज्यांना तसंच ठेवलं, त्यांना कमी. शांतपणे राहणारे काही जंतू बाहेरच्या आक्रमक जंतूंना जागा देत नसावेत. याच विचाराने, एका मुलीच्या मूत्राशयात वर्षानुवर्षं विनातक्रार राहिलेला ई. कोलायचा एक प्रकार रुग्णांच्या मूत्राशयात मुद्दाम सोडून पाहण्याचे प्रयोगही झाले आहेत.

म्हणजे एकीकडे आजारी बाई रेघेच्या खाली राहते म्हणून तिला उपचार मिळत नाहीत, आणि दुसरीकडे आजारी नसलेली आजी रेघेच्या वर जाते म्हणून तिला नको ते औषध मिळतं. एकाच आकड्यामुळे दोघींचंही नुकसान होतं. आकडा वर-खाली करून हे सुटणार नाही, कारण ‘जंतू आहेत का’ हा प्रश्नच अपुरा आहे. शरीर त्या जंतूंशी लढतं आहे का, मूत्राशयाच्या अस्तराला इजा होते आहे का, हे कळलं पाहिजे. पू-पेशी मोजणं हा त्याचाच एक ओबडधोबड प्रयत्न. पण लघवी किती पातळ आहे यावर तो आकडा बदलतो, आणि नमुना काही तास तसाच राहिला तर त्या पेशी फुटून जातात. दाह सुरू असताना लघवीत उतरणारी इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८ अशी प्रथिनं मोजून नेमकं निदान करता येईल का, यावर काम सुरू आहे. माझ्या मते सगळ्यांत जास्त पैसा, सगळ्यांत हुशार माणसं आणि सगळ्यांत मोठ्या चाचण्या इथे लागायला हव्यात.

वारंवार होणाऱ्या संसर्गाचं कोडंही याच बशीपाशी येऊन अडतं. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात स्कॉट हल्टग्रेन यांच्या प्रयोगशाळेने १९९८पासून उंदरांच्या मूत्राशयात जे पाहिलं, ते विलक्षण आहे. ई. कोलायच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात. त्यांच्या टोकाशी फिमएच नावाचं प्रथिन असतं, आणि ते मूत्राशयाच्या अस्तरावरच्या मॅनोज या साखरेला घट्ट धरतं. लघवीच्या धारेबरोबर जंतू वाहून जात नाही तो यामुळे. मग तो पेशीच्या आतच शिरतो. तिथे त्याची संख्या भराभर वाढते आणि पेशी आतून टम्म फुगते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या छायाचित्रांत हे फुगवटे अस्तरावर शेंगांसारखे उठून दिसतात. पेशी फुटली की जंतू बाहेर पडून शेजारच्या पेशी गाठतात. काही मात्र खोलवरच्या पेशींत निपचित पडून राहतात, जिथे ना अँटिबायोटिक नीट पोचतं ना शरीराचे पहारेकरी. २००७ साली संसर्ग झालेल्या बायकांच्या लघवीत गळून पडलेल्या पेशींमध्येही असे जंतूंचे पुंजके सापडले. उंदरातलं सगळं माणसात जसंच्या तसं होतं, असं यावरून म्हणता येत नाही. आतड्यांतून जंतू पुन्हा पुन्हा मूत्रमार्गात येतात, हेही तितकंच खरं कारण आहे. पण ‘औषध संपलं, रिपोर्ट निगेटिव्ह आला, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तेच’ असं सांगणाऱ्या बाईकडे संशयाने बघण्याआधी ही छायाचित्रं आठवावीत. लघवीच्या थेंबात न दिसणारा जंतू अस्तरात असू शकतो.

औषधांच्या आघाडीवर अलीकडे बरीच हालचाल झाली. अमेरिकेत एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या एका वर्षात साध्या मूत्रमार्ग-संसर्गासाठी तीन गोळ्यांना परवानगी मिळाली. त्यांतली पिवमेसिलिनाम युरोपात चाळीसहून अधिक वर्षं वापरात होती. दुसरी सुलोपेनेम. तिसरी जेपोटिडॅसिन, आणि ती खरोखर नव्या वर्गातली, या आजारासाठी सुमारे तीस वर्षांनी आलेली. या कामाचं मोल मला कमी करायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० साली ई. कोलायमुळे झालेल्या मूत्रमार्ग-संसर्गांत पाचांतल्या एकात जंतू नेहमीच्या औषधांना पुरेशी दाद देत नव्हते. ज्याच्या मूत्रपिंडापर्यंत असा जंतू पोचला, त्याला नवं औषध हवंच.

पण जेपोटिडॅसिनच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल नीट वाचले, तर आणखी काही दिसतं. लक्षणं पूर्ण गेली आणि जंतूही आवश्यक तितके कमी झाले, अशा दुहेरी यशाचं प्रमाण नव्या औषधात एका चाचणीत साधारण ५१ टक्के आणि दुसरीत ५८ टक्के होतं. जुन्या नायट्रोफ्युरँटॉइन या अँटिबायोटिकमध्ये ते ४७ आणि ४४ टक्के होतं. निकष कडक होता म्हणून आकडे लहान दिसतात, हे मान्य. तरीही जवळपास निम्म्या जणी दोन्ही अर्थांनी बऱ्या झाल्या असं ठरलं नाही, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. नुसतं अधिक ताकदीचं औषध शोधून ही दरी भरेल, असं मला वाटत नाही.

अँटिबायोटिक न देताही काही जणी बऱ्या होतात, हे आणखी एक सत्य. जर्मनीत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही बायकांना फक्त आयबुप्रोफेन हे वेदनाशामक दिलं, आणि त्यांच्यापैकी दोन-तृतीयांश जणींना अँटिबायोटिक लागलंच नाही. पण त्याच गटात मूत्रपिंडापर्यंत संसर्ग जाण्याचे प्रसंग थोडे जास्त झाले. कोणती बाई आपणहून बरी होणार आणि कोणाला आजच औषध हवं, हे पहिल्याच दिवशी सांगणारी तपासणी असती, तर कितीतरी अँटिबायोटिक वाचलं असतं आणि कुणाच्या मूत्रपिंडावर संकटही आलं नसतं. जलद तपासणी अशक्य नाही, हे आता सिद्ध झालं आहे. अँटिबायोटिकचा वापर जपून व्हावा म्हणून ब्रिटनमध्ये २०१४ साली जाहीर झालेलं ८० लाख पौंडांचं लाँजिट्यूड पारितोषिक जून २०२४ मध्ये स्वीडनमध्ये विकसित झालेल्या एका यंत्राला मिळालं. ते यंत्र लघवीच्या थोड्याशा नमुन्यात जंतू आहेत की नाहीत हे १५ मिनिटांत, आणि कोणत्या औषधाने मरतील हे ४५ मिनिटांत सांगतं. दोन-तीन दिवसांचं काम पाऊण तासावर आलं. पण हे यंत्रही लघवीत तरंगणाऱ्या जंतूंकडेच बघतं. अस्तरात काय चाललंय ते त्यालाही दिसत नाही.

संसर्ग टाळण्याबद्दलचं संशोधन वाचताना मला सगळ्यांत जास्त खंत वाटते. २०१८ सालच्या एका चाचणीत, एरवी कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० बायकांपैकी अर्ध्या जणींना रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायला लावलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला आणि बाकीच्यांना ३.२ वेळा. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला पिढ्यानपिढ्या दिला जातो, पण त्याची अशी काटेकोर परीक्षा व्हायला २०१८ उजाडावं लागलं, आणि तिला पैसा दिला तो बाटलीबंद पाणी विकणाऱ्या कंपनीने. पाळी गेलेल्या बायकांसाठी योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमचा उपयोग १९९३ सालीच दिसला होता. ९३ बायकांच्या त्या चाचणीत क्रीम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला आणि औषधाविना नुसतं क्रीम लावणाऱ्यांना ५.९ वेळा. एवढा मोठा फरक वैद्यकात क्वचित दिसतो. तरीही कितीतरी बायकांना हा उपाय आहे हेच कुणी सांगितलेलं नसतं. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांबद्दलची धास्ती या क्रीमलाही चिकटली, आणि जुन्या, स्वस्त क्रीमची बाजू मांडण्यात कोणत्याच कंपनीला रस नव्हता.

मेथेनामिन हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वापरात आलेलं औषध. आम्लधर्मी लघवीत त्याचं फॉर्मल्डिहाइड होतं आणि जंतू मरतात. त्याला प्रतिकार करायला जंतू सहसा शिकत नाहीत. २०२२ साली ब्रिटनमध्ये २४० बायकांवर झालेल्या चाचणीत ते रोजच्या अँटिबायोटिकच्या जवळपास बरोबरीचं ठरलं. मेथेनामिन घेणाऱ्यांना वर्षाला १.३८ वेळा आणि अँटिबायोटिक घेणाऱ्यांना ०.८९ वेळा संसर्ग झाला. वर्षाला एका संसर्गापर्यंतचा फरक चालेल, ही मर्यादा रुग्णांशी बोलून ठरवलेली होती, आणि मला या चाचणीतली हीच गोष्ट सगळ्यांत आवडली. डी-मॅनोज या साखरेचं मात्र उलट झालं. फिमएचला साखरेचं आमिष दाखवायचं म्हणजे तो अस्तराला चिकटणार नाही, ही कल्पना सुंदर होती आणि त्यावर जोरात विक्रीही सुरू होती. २०२४ साली ५९८ बायकांवर चाचणी झाली तेव्हा ते घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी जवळपास ५६ टक्के जणींना संसर्गाच्या शंकेने पुन्हा दवाखाना गाठावा लागला. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. मेथेनामिन आणि डी-मॅनोज यांच्या या दोन्ही चाचण्या ब्रिटनच्या सार्वजनिक संशोधन-निधीतून झाल्या. ज्यात कुणाला मोठा नफा नाही अशा प्रश्नांची उत्तरं सार्वजनिक पैशातूनच मिळतात, आणि असे प्रश्न या आजारात ढिगाने आहेत.

लसींकडूनही आशा आहे. जिभेखाली फवारायच्या एका लसीने २०२२ सालच्या चाचणीत वारंवार होणारे संसर्ग बरेच कमी केले. पण रक्तापर्यंत जाणाऱ्या ई. कोलायविरुद्धच्या एका लसीची मोठी चाचणी उपयोग दिसत नाही म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवावी लागली. हा रस्ता लांबचा आहे.

तोवर एक गोष्ट आजही करता येईल. नव्या गोळीच्या चाचण्यांमध्ये औषध कितपत लागू पडलं याचा मुख्य हिशोब मांडला जातो तो कल्चरमध्ये एक लाख किंवा त्याहून जास्त जंतू निघालेल्या बायकांवरून. नियामकांच्या अपेक्षाही तशाच आहेत. रेघेखालच्या बायकांना त्या गोळीचा किती फायदा झाला, याला मुख्य निष्कर्षात जागा नसते. उद्या ती गोळी दवाखान्यात पोचेल तेव्हा मात्र ती त्यांनाही दिली जाईल, बहुतेक वेळा कल्चर न करताच. नियामकांनी आणि पैसा देणाऱ्या संस्थांनी अट घालावी, की लक्षणं असलेली पण रेघेखाली राहिलेली प्रत्येक बाई चाचणीत घेतली जाईल, तिची नोंद वेगळी ठेवली जाईल, तिचा नमुना पीसीआरने आणि मोठ्या लूपने पुन्हा तपासला जाईल, आणि तिला कधी बरं वाटलं हे तिलाच विचारून लिहिलं जाईल. त्यासाठी नवा शोध लागत नाही. नमुने आणि यंत्रं तिथे असतातच, आणि त्या बायकाही दारात उभ्या असतात.